मुलं मिळाली का

पोस्टमनने टपालाचा गठ्ठा टेबलावर टाकला तेव्हा ऑफिसात स्वप्नाशिवाय कुणी नव्हतं. क्लार्क चहाला गेला होता. आतल्या केबिनमध्ये इंगवले सर फोनवर कुणाला तरी विचारत होते, की कॉलेजच्या मान्यतेचे कागद नक्की कुठल्या टेबलावर अडकलेत. स्वप्ना कपाटातून ड्रॉइंगचे कागद न्यायला आली होती. गठ्ठ्याची सुतळी सैल होती, त्यातून एक पोस्टकार्ड निसटून फरशीवर पडलं. तिनं ते उचललं. वाचायचं तिच्या मनात नव्हतं. पण कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता होता आणि तो तिला पाठ होता. पालडी, अहमदाबाद. पिनकोडसकट पाठ होता. एके काळी वहीच्या शेवटच्या पानावर तिनं तो चार-पाच वेळा नुसताच लिहून बघितला होता, आपलं नाव वर घालून. आता त्याच पत्त्याच्या वर दुसरं नाव होतं. संयोगिता इंगवले. मग तिनं कार्ड वाचलं.

‘पप्पा, पुढच्या आठवड्यात आमची ज्यूरी आहे, म्हणजे सगळे मास्तर एकदम बसून कामाची चिरफाड करतात. स्टुलाचं मॉडेल दुसऱ्यांदा करायला लावलंय. बोटाला पटाशी लागली, पण फार नाही, मम्मीला सांगू नका. इथली आमटी अजून गोडच लागते. तुमच्या कॉलेजचं काय? या वर्षी मुलं मिळाली का?’

अक्षर गोल, मोकळं होतं. स्वप्नानं कार्ड गठ्ठ्याच्या मधोमध सारून ठेवलं, सुतळी आवळली, कागद घेतले आणि ती वर्कशॉपकडे चालू लागली. वर्कशॉप म्हणजे पूर्वीचं हळदीचं गोदाम. सांगलीतल्या त्या शिक्षणसंस्थेनं गोदाम घेऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं, भिंतींना दोनदा चुना दिला होता, तरी हळद गेली नव्हती. फरशीच्या सांध्यांत होती, खिडकीच्या गजांवर होती. पांढरा कागद दोन दिवस टेबलावर राहिला की कडेनं पिवळट व्हायचा. पहिल्या आठवड्यात तिला तो वास आवडला होता. घरचा वाटला होता. आज आत पाऊल टाकताक्षणी तो घशात बसला. बाकीची मुलं प्लास्टरचा साचा फोडत होती, कुणीतरी तिला हाक मारली, तिनं मान हलवली. ती आपल्या टेबलाशी बसली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली. ब्लेडनं, लांबट, इंचभर शिसं उघडं ठेवून. असं टोक काढायला तिला सरांनी शिकवलं होतं. हे लक्षात आलं आणि शिसं मोडलं. तिनं पुन्हा काढलं. मोठं काही घडलंय असं तिला वाटत नव्हतं. एका मुलीनं वडिलांना कार्ड लिहिलंय. पण ‘मुलं मिळाली का’ हे तीन शब्द तिच्या आत कुठेतरी अडकून राहिले होते आणि ती जितकी गप्प बसत होती तितके ते फिरत होते. बाजारात वांगी मिळाली का, तसं. त्या मिळालेल्या मुलांमधलं पहिलं मूल आपण. पहिल्या बॅचचा पहिला फॉर्म आपला होता. सरांनी स्वतः त्याच्यावर एक नंबर घातला होता आणि म्हणाले होते, हा नंबर लक्षात ठेव, पुढे लोक विचारतील.

इंडस्ट्रियल डिझाइन हा शब्द तिला सरांनीच दिला होता. तिला तो कुठेही भेटला नसता. साताऱ्याला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या वर्गात त्या तीन मुली होत्या. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ती लोणंदला घरी आली, तेव्हा वस्तीत नवा हातपंप बसला होता. तिची आई आक्काताई ठेंगणी. पंपाचा दांडा वर गेला की आईला टाचा उचलाव्या लागत, आणि तो खाली आणताना ती जवळजवळ त्याला लोंबकळायची. स्वप्ना रोज बघायची. एक दिवस तिनं शिंप्याचा टेप आणला आणि आईच्या खांद्याची उंची मोजली. मग शेजारणीच्या. मग पंपावर येणाऱ्या सगळ्याच बायकांची, एकतीस जणींची. बायका हसायच्या. “काय गं, आमची पोलकी शिवतीस का काय?” आई म्हणायची, “मोजू द्या. साळंत सांगितलं आसंल.” शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दांडा कुठे वाकवला तर सगळ्यात ठेंगण्या आणि सगळ्यात उंच बाईचं एकदम भागेल ते काढलं, पाच-सहा कागद खराब केले, आणि सुट्टी संपल्यावर ते तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या इंगवले सरांना दाखवायला नेले. आपली भार-गणितं बरोबर आहेत का एवढंच तिला विचारायचं होतं. सरांनी कागद खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. “तुला हे कुणी करायला सांगितलं?” “कुणी नाही सर.” “याला जगात एक नाव आहे, माहीत आहे का तुला?” आणि त्यांनी ते नाव सांगितलं. त्या दुपारी ती तंत्रनिकेतनातून एस. टी. स्टँडपर्यंत चालत गेली आणि तिला वाटेतल्या प्रत्येक वस्तूला कुणीतरी घडवलेलं दिसत होतं. बसच्या दाराची कडी, रसवंतीच्या चरकाचा हात, चपलेचा अंगठा. हे सगळं कुणीतरी ठरवलेलं आहे आणि ते ठरवणारा माणूस आपण होऊ शकतो, हे तिच्या अंगात तापासारखं भरलं होतं.

अहमदाबादच्या, पालडीतल्या डिझाइन संस्थेचं माहितीपत्रक सरांनी मागवलं होतं. साताऱ्यात शाहूपुरीतल्या त्यांच्या घरी तिनं ते पहिल्यांदा बघितलं. दोन आली होती. एक टीपॉयवर, एक संयोगिताच्या हातात. संयोगिता पाचगणीला बोर्डिंगात शिकत होती, सुट्टीला आली होती, बारावीला होती. तिचं वागणं मोकळं होतं. तिनं स्वप्नाला आपल्या जाड पेन्सिलींतली एक देऊन टाकली होती आणि हातपंपाचं सगळं समजावून घेतलं होतं, मध्ये मध्ये इंग्रजीत प्रश्न विचारत. स्वप्नाला उत्तरं मराठीत देताना लाज वाटली नव्हती, कारण संयोगिता ऐकत होती खरोखर. दोन माहितीपत्रकं का, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही. मोठ्या घरात वस्तू दोन असतात असं तिला वाटत असावं. ती टीपॉयवरचं उचलून सोफ्याच्या कडेला बसून बघत राहिली. विटांच्या इमारती, झाडांखाली बसलेली मुलं, लाकडावर वाकलेल्या मुली. त्यातल्या एकीचे केस तिच्यासारखे होते, वेणी पुढे आलेली. त्या मुलीचं नाव काय असेल याचा ती परतीच्या बसमध्ये विचार करत होती.

आणि मग, पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात, डिप्लोमाचा निकाल यायच्या आधी, सर स्वतः लोणंदला आले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिचे आबा, धोंडिराम रणपिसे, रेल्वेत पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलणारे. त्या दिवशी ड्यूटी बदलून घरी थांबले होते आणि इस्त्रीचा सदरा घालून बाकावर टेकले होते. सर आले, चटईवर बसले, आईनं दिलेलं पाणी प्यायले, चहा प्यायले, भजी खाल्ली. ते गेल्यावर आई दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, एवढा मोठा माणूस, कडेगावचा बागायतदार, पर आमच्यात बसून खाऊन गेला. सरांनी त्या दिवशी सगळं नीट मांडून सांगितलं होतं. सांगलीत नवं कॉलेज निघतंय. तिथं या विषयाची पदवी मिळेल, विद्यापीठाची. ते स्वतः नोकरी सोडून तिथं प्रमुख म्हणून जाणार आहेत. “अहमदाबाद मोठंच आहे,” ते म्हणाले होते, “मी नाही म्हणत नाही. पण तिथं पदवी देत नाहीत, पदविका देतात. पदविका तर हिला आत्ताच मिळतेय. पाच वर्षं घालवून पुन्हा पदविकाच? आणि तिथं सगळा कारभार इंग्रजीत. मुलं कुठून कुठून आलेली असतात, दिल्लीची, कलकत्त्याची. ही तिथं बावरून जाईल.” धोंडिराम मान हलवत होते. पदवी हा शब्द त्यांना कळत होता. स्वप्नाला बोलायचं होतं. पण सर तिच्याकडे वळून म्हणाले, “स्वप्ना, मी तुझ्यासाठी कॉलेज काढतोय असंच समज,” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे सर आणि आबा दोघंच सिग्नलच्या बाजूला पाय मोकळे करायला गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा सगळं ठरलं होतं. अहमदाबादचा फॉर्म तिनं अर्धा भरला होता. तो तिनं फाडला नाही. घडी करून डिप्लोमाच्या पुस्तकांत ठेवला. तिला त्याचं दुःखही झालं नव्हतं. ही गोष्ट आज तिला सगळ्यांत जास्त टोचत होती. ती आनंदात होती. कुणीतरी आपल्यासाठी कॉलेज काढतंय या आनंदात तिनं स्वतःच्या हातानं निवड सोडून दिली होती, आणि तिला ती निवड केल्यासारखीच वाटली होती.

सांगलीत पहिल्या वर्षाला अकरा मुलं आली. लेथ होतं ते बाजूच्या आयटीआयकडून आठवड्यातून दोन दिवस मिळायचं. पुस्तकांचं एक कपाट होतं, त्यात सोळा पुस्तकं, त्यांतली तीन मासेमारीच्या बोटींवरची. अक्षरं काढायला शिकवणारे एक पेंटर गुरुजी होते, चांगले होते. बाकी सगळे विषय सर शिकवायचे, आणि सर अर्धा वेळ मान्यतेसाठी मुंबई-कोल्हापूर करायचे. मान्यता येणार होती. दिवाळीत येणार होती, मग मार्चमध्ये, मग कागदांत एक सही राहिली होती. मुलं कुरकुरली की स्वप्ना सरांची बाजू घ्यायची. एकदा कुणीतरी म्हणालं होतं, सरांच्या मुलीलाच इथं का नाही आणली? तेव्हा तिनंच सरांना सहज विचारलं होतं, “सर, संयोगिता काय करते आता?” सर कागदावर सही करत होते. “पुण्याला. आर्किटेक्चर.” सही पूर्ण करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं होतं. तिनं वर्गात येऊन सांगितलं होतं, तिला आर्किटेक्चरची आवड होती रे, प्रत्येकाची आवड वेगळी असते.

ती उठली. हातात पेन्सिल तशीच होती. ऑफिसात क्लार्क परत आला होता, गठ्ठा टेबलावर नव्हता. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. सर चष्मा कपाळावर चढवून टपाल बघत होते. ती दारातच उभी राहिली.

“ये. काय झालं?”

“सर, संयोगिता पुण्याला नाही.”

सरांचा हात कागदांवर थांबला. कार्ड कुठे आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही, ते त्यांच्या उजव्या हाताखाली पालथं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. हे ते नेहमी करायचे, अवघड प्रश्न आला की. तिला एकदम त्यांच्याविषयी माया वाटली आणि त्या मायेची तिला किळस आली.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली नाही.

“हे बघ स्वप्ना. मी तुला खोटं काही सांगितलेलं नाही. तिथं पदवी देत नाहीत हे खरं आहे. इंग्रजीचंही खरं आहे. तुझ्या वडिलांसमोर मी जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.”

“आणि पुणं?”

“ते इथल्या सगळ्यांसाठी. प्रमुखाचीच मुलगी दुसरीकडे गेली म्हटल्यावर इथं कोण आलं असतं? तूच सांग. आलं असतं कुणी?”

तिनं विचार केला. तिला प्रश्न विचारला की ती प्रामाणिकपणे विचार करायची, ती सवय जात नव्हती. “मी आले नसते,” ती म्हणाली.

“तू तिथं टिकली नसतीस, बाळ. मी जाऊन बघितलीय ती जागा. तिथं पोरं एकटी पडतात. काही काही अर्ध्यात सोडून येतात. एखादीला आधार नसला की ती मोडते. मला ते नको होतं तुझ्या बाबतीत. मनापासून सांगतो. संयोगिताचं वेगळं आहे. तिच्यामागं मी आहे.”

“माझ्यामागं पण तुम्हीच होता ना, सर?”

हे तिनं भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आत्तापर्यंत. सरांनी तिच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला. चार वेळा, पाच वेळा. मग उचलला. “हां, बोला,” ते म्हणाले, “चौदा झालेत. पंधरावा उद्या भरतोय. नक्की नक्की.” बोलता बोलता त्यांनी तिला हातानं खूण केली, थांब. ती थांबली. थांबलेली असताना तिला दिसलं की सर आवाज बदलून हसतायत. फोनवरच्या माणसासाठीचं हसू चेहऱ्यावर आहे आणि डोळे मात्र तिच्याकडे आहेत, थोडे घाबरलेले, ही आता बाहेर जाऊन काय बोलेल याचा अंदाज घेणारे. पंधरा मुलं झाली तर दुसरी बॅच सुरू होणार होती. नाही झाली तर गोदाम पुन्हा गोदाम होणार होतं, आणि तिचं एक वर्ष कुठल्याच कागदावर राहणार नव्हतं. म्हणजे आपण बाहेर जाऊन खरं सांगितलं तर आपलंच बुडणार. हे सरांनाही माहीत होतं. ती वळली आणि निघाली. मागून सर “एक मिनिट” म्हणाले, पण ते फोनवरच्या माणसाला म्हणाले की तिला, हे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगली स्टेशनवरून पॅसेंजरला बसली. वसतिगृहातल्या मुलीला तिनं आई आजारी आहे असं सांगितलं. खिडकीजवळ जागा मिळाली. ताकारीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि संपेना. डब्यात एक फौजी रजेवरून घरी चालला होता, ट्रंकेवर बसून पेरू खात होता. त्यानं एक तिच्यापुढे धरला. तिनं घेतला आणि हातातच ठेवला. तिला एकच गोष्ट हवी होती. आबांनी चिडावं. आबा कधी चिडत नसत. ओव्हरसियर ओरडला तरी हात मागं बांधून ऐकून घेत. पण या वेळी ते चिडतील. आपण सगळं सांगून संपवू, ते उठतील, खुंटीवरचा खाकी कोट घालतील आणि म्हणतील, चल. सांगलीला येतील, केबिनच्या दारात उभे राहतील आणि सरांना विचारतील. काय विचारतील, ते तिला सुचत नव्हतं. पण ते उभे राहिलेले तिला दिसत होते, किंचित वाकलेले, आणि सर खुर्चीतून उठताना दिसत होते. रहिमतपूर येईपर्यंत तिनं हे चार वेळा बघितलं. प्रत्येक वेळी घशातली हळद थोडी खाली उतरल्यासारखी वाटली. आदर्कीच्या वळणांवर गाडी हळू झाली, इंजिन खिडकीतून दिसायला लागलं, आणि तिला वाटलं, एवढं पुरे आहे. कॉलेज राहो की जावो. आपल्यासाठी कुणी एक माणूस संतापला तरी पुरे आहे.

आबा दोनच्या सुमारास ड्यूटीवरून आले. तिला बघून त्यांनी काही विचारलं नाही. मोरीत हातपाय धुतले, टॉवेलनं पाठ पुसली, चटईवर बसले. आई चुलीशी भाकरी थापत होती. स्वप्नानं सांगायला सुरुवात केली. कार्ड, पत्ता, पुणं, सर काय म्हणाले. घरी आल्यावर तिची भाषा आपोआप घरची व्हायची. ती भरभर बोलत होती आणि आबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा हलत नव्हता. त्यांनी टॉवेलची घडी घातली. मग उलगडून पुन्हा घातली. ती सगळं सांगून गप्प झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्यांनी मध्ये एकदाही विचारलं नाही. कोण संयोगिता, कुठलं अहमदाबाद, काहीच नाही.

“जेव आधी,” आबा म्हणाले. “लांबनं आलीस.”

“आबा, तुमाला म्हाईत हुतं?”

बाहेर मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, अशी त्या क्वार्टरची रीतच होती. भांडी थरथरायची थांबली.

“व्हय,” आबा म्हणाले.

“कवापास्नं?”

“सर आलते तवापास्नं. सिग्नलकडं गेलो हुतो न्हवं आमी? तवा त्यांनीच सांगितलं. म्हणले, माझी पोरगी मी तिकडं धाडतोय, तुमच्यापास्नं लपवत न्हाई. पर तुमच्या पोरीला मी माझ्या डोळ्यांम्होरं ठीवतो. तिला म्हणून सांगू नका, मनाला लागंल तिच्या.”

“त्यांनी नगं म्हणलं म्हणून तुमी सांगितलं न्हाई?”

आबांना हो म्हणता आलं असतं. ते हो म्हणतील असं तिला वाटलं, आणि तिनं ते मानलंही असतं. सरांसारख्या माणसाचा शब्द मोडणं त्यांना जमणार नव्हतं, हे तिला समजलं असतं. पण आबांनी टॉवेल बाजूला ठेवला.

“न्हाई. ते बोलले नसते तरीबी म्या सांगितलं नसतं.”

“का?”

“तू गेली असतीस तर माघारी आली नसतीस.” ते जमिनीकडे बघून बोलत होते, सावकाश, ड्यूटीचा निरोप द्यावा तसं. “तीस वर्सं झाली, मी गाड्या म्होरं धाडतोय. कोण माघारी येतं आन कोण न्हाई, दिसतं मला. सांगली इतं हाय. सकाळच्या गाडीला बसलीस की दुपारी घरात. तितं गेलीस तर आमी कुणाकडं बगायचं? लय लांब हाय ते. मला म्हाईत हुतं तुला तितंच जायचंय. तुझा फॉर्म म्या बगितला हुता पुस्तकात. आर्धा भरलेला.”

स्वप्नानं आईकडे पाहिलं. “आई, तुला?” आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मान वर केली नाही. म्हणजे पंपाची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारी, सरांनी पाणी प्यायल्याची गोष्ट सांगणारी आई हे एकच कुणाला बोलली नव्हती. वर्ष-सव्वा वर्ष. ती सुट्टीला आली की हळदीच्या वासाच्या कपड्यांची गंमत करत, ज्वारी निवडत, तिच्या मॉडेलच्या गोष्टी ऐकत, दोघंही हे जवळ घेऊन बसलेली असत. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. सरांचं एक बरं होतं. त्यांच्यावर चिडता येत होतं. त्यांना मुलं हवी होती. आबांना काहीच नको होतं, फक्त ती हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी तेच केलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला कळत होतं. पण छातीत ज्या जागी ते लागलं होतं, तिथं त्या वेगळ्या होत नव्हत्या. दोघांनी मिळून सिग्नलपाशी उभं राहून, आपापल्या मुलीविषयी, एकानं पाठवायचं ठरवलं आणि एकानं ठेवून घ्यायचं, आणि दोघंही तिच्याकडे हसत परत आले.

“मला तितं जाऊन बगायचंय,” ती म्हणाली.

“आता?”

“आता. परीक्षा कवा असती, माझ्यासारखीला घेत्यात का न्हाई, ते मी माझ्या तोंडानं इचारणार. आजवर सगळ्यांनी मला सांगितलंच. कुणी दाखवलं न्हाई.”

आई म्हणाली, “आगं पर एकली?” तिच्याकडे कुणी बघितलं नाही. आबा उठले. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी पासाचा छापील फॉर्म काढला. कर्मचाऱ्याच्या मुलीला रेल्वेचा पास मिळत होता. इतकी वर्षं तो पुण्याच्या पुढे कधी कुणी वापरला नव्हता. ते पुन्हा चटईवर बसले, पेटीवर फॉर्म ठेवला आणि पेन हलवून शाई चालते का बघितलं. त्यांचं अक्षर मोठं होतं, एकेक सुटं. आपलं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तिचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात मुलगी लिहिलं. लोणंद ते अहमदाबाद, पुण्यावरून. मग पेन थांबलं.

“नुसता जायचा,” त्यांनी विचारलं, “का जायचा-यायचा?”

हा प्रश्न फॉर्ममध्येच होता. प्रत्येकाला विचारतात तो. पण त्यांनी विचारताना वर बघितलं नव्हतं आणि पेन कागदापासून वीतभर उंच धरलं होतं. ते काय विचारत आहेत हे तिला स्वच्छ कळलं. खरं उत्तर तिला माहीत होतं. तिला यायचंच होतं. चार दिवसांत, फार तर पाच. तिचे कपडे सांगलीला होते, पेन्सिली तिथं होत्या. अहमदाबादला तिला ओळखणारं कुणी नव्हतं, एक संयोगिता सोडून. प्रवेश मिळालाच तरी त्याला वर्ष जायचं होतं, आणि ते वर्ष तिला इथंच, या चटईवर, नाही तर त्या गोदामात काढायचं होतं. एवढं सांगितलं असतं तर आबांचा हात खाली आला असता. ती त्या हाताकडे बघत राहिली. नखांत ग्रीस होतं, कितीही धुतलं तरी जायचं नाही असं.

“नुसता जायचा,” ती म्हणाली.

आयुष्यात तिनं आबांना सांगितलेलं ते पहिलं खोटं होतं. सांगताना तिचा आवाज सरांसारखा शांत निघाला, आणि आपण दुखवण्यासाठीच बोललो हे तिला लगेच समजलं. लागलं होतं तेही दिसलं. तिनं शब्द परत घेतला नाही. आबांनी मान हलवली, दिलं ते उत्तर फॉर्ममध्ये भरलं, खाली सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागद तसाच पेटीवर राहू दिला.

आईनं तिघांची ताटं वाढली. स्वप्नानं भाकरी मोडली. सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही हे तिला पहिल्या घासाला आठवलं. तिनं ती भाकरी संपवली आणि ताट पुढे केलं, आणखी एक मागायला.